540 अंशांना पोलादाला काही होत नाही?

वीज केंद्रातल्या मंडळींमध्ये एक मजकूर फिरतोय. 'पोलाद 1500 अंशांना वितळतं, बॉयलरची वाफ 540 अंशांची. पाइपला उष्णतेचा धोका नाही. दाब मर्यादेत ठेवा, हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) पास करा, लाइन जन्मभर चालेल. उरलेलं आयुष्य तपासणं म्हणजे पैसे उधळणं.' माझी उमेदीची वर्षं बॉयलरच्या देखभालीत गेली. नव्या मुलांनी हे खरं मानलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

वितळण्याचा आकडा बरोबर आहे, पण इथे तो उपयोगाचा नाही. शुद्ध लोखंड वितळतं 1538 अंश सेल्सिअसला, म्हणजे 1811 केल्व्हिनला. या केल्व्हिनच्या आकड्याच्या साधारण चार दशांशावर, म्हणजे 450 अंशांच्या आसपास, सततच्या ताणाखाली धातू हळूहळू ताणला जायला लागतो. यालाच आपण क्रीप म्हणतो. पोलादात क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलं की हे ताणणं मंदावतं, पण थांबत नाही.

'दाब मर्यादेत ठेवा' इथे भलेभले फसतात. थंड पोलादावर बेताचा भार टाकला आणि काढला, की ते मूळ मापाला येतं. तापलेल्या पोलादात मात्र तास मोजावे लागतात. दाब तोच, तापमान तेच, तरी पाइपचा घेर वाढत राहतो: आधी भरभर, मग वर्षानुवर्षं संथ, आणि शेवटी पुन्हा वेगाने, फुटेपर्यंत. क्रीपखाली धातू किती तास टिकेल हे काढायला लार्सन आणि मिलर यांनी 1952 मध्ये दिलेल्या सूत्रात आकडे घालून बघा. 540 अंशांना 1 लाख तास टिकणारा पाइप 550 ला जेमतेम 50 हजार तास टिकतो, 560 ला 25 हजार. दहा अंशांत आयुष्य निम्मं! शिवाय सुपरहीटर ट्यूबच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या नळीच्या) आत ऑक्साइडचा थर धरला, की तिचा धातू वाफेच्या वाचनापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. कंट्रोल रूमला ते दिसत नाही.

हायड्रो टेस्ट थंड पाण्याने होते, तीही थोडा वेळ. गळती असेल तर ती सापडते. क्रीप बघायचा तर रेप्लिका घ्यावी लागते. वेल्डच्या कडेला रुपयाएवढी जागा आरशासारखी घासायची, नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावायचं, ओलसर फिल्म दाबून ठसा उचलायचा. सूक्ष्मदर्शकाखाली धातूच्या कणांच्या सीमांवर बारीक काळे ठिपके, म्हणजे क्रीपने पडलेल्या पोकळ्या, दिसतात. आधी सुटे, पुढे रांगेत, मग रांग जुळून चीर. तिथेच जाडी मोजली तर ती पुरेशी भरू शकते! क्रीपने ट्यूब फुटते तेव्हा तिच्या कडा जाडच राहतात. अचानक तापून फुटलेली ट्यूब वेगळी ओळखू येते, तिच्या कडा पातळ होऊन माशाच्या तोंडासारख्या उघडतात.

राहिला पैशांचा मुद्दा. 400 अंश आणि त्यावर चालणाऱ्या बॉयलरची 1 लाख तासांनंतर उरलेल्या आयुष्याची तपासणी भारतीय बॉयलर नियमांनीच सांगितली आहे. अमेरिकेत नेवाडातलं मोहावे केंद्र 1971 मध्ये सुरू झालं. जून 1985 मध्ये तिथली रीहीट (पुन्हा तापवलेल्या) वाफेची मोठी लाइन पाइपच्या लांबीने जाणाऱ्या वेल्डवर फाटली. वाफ साधारण 540 अंशांचीच होती. सहा कामगार गेले.