‘सही आणि चिठ्ठी’ एवढ्यावर कुणाला डांबता येतं का?

व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा: ‘घरच्यांची सही आणि डॉक्टरची चिठ्ठी असली की कुणालाही येरवड्याच्या मनोरुग्णालयात आजन्म डांबता येतं. वर शिक्षा म्हणून शॉक देतात.’

सही-चिठ्ठीची गोष्ट अगदीच हवेतली नाही. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्यात नातेवाइकांचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले आणि त्यावर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १९ ने मॅजिस्ट्रेटला वगळूनही वाट काढून दिली: नातेवाइकाचा किंवा मित्राचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले (त्यातला एक सरकारी), की माणूस ९० दिवसांपर्यंत आत. म्हणजे इथे स्वतंत्र भारताचा कायदा ब्रिटिशांच्या कायद्यापेक्षा सैल निघाला! दावा करणारा त्याच काळात अडकलाय.

आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाने स्वतः नेमलेला, नाहीतर कायद्याने ठरवलेला माणूस). एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, दोघांनी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत वेगवेगळं तपासायचं. नुसता आजार पुरत नाही. स्वतःला इजा, दुसऱ्यावर हिंसा किंवा इजा होण्याचा धोका असेल इतकी स्वतःची आबाळ, यांतलं काही दिसावं लागतं. रुग्णालयाने पुनर्विलोकन मंडळाला (अशा दाखल करण्यांवर नजर ठेवणारं, कायद्याने नेमलेलं मंडळ) स्त्री किंवा अल्पवयीन रुग्णाबद्दल ३ दिवसांत, इतरांबद्दल ७ दिवसांत कळवायचं.

‘आजन्म’? मुदत ३० दिवस. पुढे कलम ९०: दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी, मंडळाची परवानगी, आधी ९०, मग १२०, मग दर खेपेला १८० दिवस. बरी झालेली माणसं तरीही वर्षानुवर्षं आत दिसतात, कारण त्यांना न्यायला कुणी येत नाही. घरच्यांनी नाकारलं एवढ्यावरून ठेवून घ्यायला याच कायद्याचं कलम १९ मनाई करतं. दुखणं इथे आहे, चिठ्ठीत नाही.

शॉक ही शिक्षा नाही, मेंदूला विजेचा धक्का देऊन आचका आणणारा उपचार आहे. तो १९३८ साली रोममध्ये सुरू झाला, तेव्हा भूल नसे. आचक्यांनी मणके मोडत. आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं बेकायदा आहे (कलम ९५). रुग्णाला उपाशीपोटी ठेवतात, तोंडात गार्ड, नाकावर ऑक्सिजन. आचका साधारण २० ते ६० सेकंदांचा. बहुधा आठवड्याला दोन-तीन, एकूण ६ ते १२. काही काळ विसरायला होतं, ते लपवू नये. साखळदंडांनाही हेच कलम बंदी घालतं.

आपलं माणूस आत असेल तर आधी विचारा: दाखल कोणत्या कलमाखाली? ८६ असेल तर ते स्वतःहून आलंय. जातो म्हटल्यावर फार तर २४ तास थांबवता येतं. ८९ असेल तर दाखल झाल्याच्या तारखेपासून ३० दिवस मोजा.