शेगडी जोडायला आम्ही नकार का दिला

सप्रेम नमस्कार,

पाइप गॅसच्या घरातून सिलिंडरच्या घरात राहायला आल्यावर शेगडीला फक्त रेग्युलेटर आणि नळी जोडून हवी होती, पण आमच्या मेकॅनिकने नॉझल (बर्नरमध्ये गॅस सोडणारा बारीक छिद्राचा भाग) बदलल्याशिवाय जोडणी करायला नकार दिला आणि हा जादा पैसे उकळण्याचा प्रकार आहे, असे आपण लिहिले आहे. नव्या घरात सामान लावण्याच्या धावपळीत आपला स्वयंपाक अडला, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही तो नकार हा आमच्या दुकानाचा नियम आहे आणि त्यावर आम्ही ठाम आहोत.

पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात आणि तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीतून सुमारे अडीचपट उष्णता मिळते. शिवाय घरगुती पाइप गॅसचा दाब साधारण 21 मिलिबार, तर सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून येणारा 30 च्या आसपास असतो. म्हणूनच पाइप गॅसच्या नॉझलचे छिद्र मोठे ठेवतात. मेकॅनिकने आपल्या शेगडीचे नॉझल काढून एलपीजीच्या नॉझलशेजारी ओट्यावर ठेवले, तेव्हा तो फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. त्या मोठ्या छिद्रातून एलपीजी सोडला तरी शेगडी पेटते, हे आपले म्हणणे खरे आहे. पण ज्योत पिवळी होऊन भांड्याच्या कडेबाहेर येते, बुडाला काजळी धरते आणि हवा अपुरी पडल्याने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते, मात्र कार्बन मोनॉक्साइडला कसलाच वास नसतो. ‘वास आला तर बंद करू’ ही खबरदारी इथे उपयोगाची नाही.

आपण अभिप्रायात गीझरचा उल्लेख केलेला नाही, पण तोही जोडायला सांगितला होता आणि आम्हाला अधिक काळजी त्याचीच वाटते. त्याच्या पट्टीवर ‘नैसर्गिक वायू’ असे स्पष्ट छापलेले आहे. दार-खिडकी लावलेल्या न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचला, तर आंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि कडी काढण्याइतकेही भान राहत नाही. गीझरमधला बदल कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावा; ते शक्य नसेल तर एलपीजीचाच गीझर घ्यावा.

शेगडीच्या कंपनीची एलपीजी नॉझल आम्ही मागवली आहेत. त्यांच्या छापील किमतीखेरीज काहीही घेणार नाही. ती बसवल्यावर ज्योत निळी आहे का, सिमवर टिकते का हे पाहून आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावूनच मेकॅनिक निघेल. तोवर कृपया दुसऱ्या कोणाकडूनही ही शेगडी सिलिंडरला जोडून घेऊ नये आणि गीझर बंदच ठेवावा.