निम्मी अमेरिका खरंच हिटलरच्या बाजूने होती?

मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा तो फोटो पुन्हा फिरतोय. व्यासपीठावर जॉर्ज वॉशिंग्टनचं भलंमोठं चित्र, आजूबाजूला स्वस्तिकाचे झेंडे, समोर खच्चून भरलेलं सभागृह. खाली मजकूर असा: ‘महायुद्धाआधी निम्मी अमेरिका हिटलरच्या बाजूने होती. लाखो जर्मन-अमेरिकन नाझी संघटनेत होते, तीन कोटी लोक एका फॅसिस्ट पाद्र्याची भाषणं ऐकायचे, आठ लाख जण हिटलरला वाचवायला संघटित झाले होते. पर्ल हार्बर झालं नसतं तर अमेरिका नाझीच झाली असती.’

फोटो खरा आहे. मजकुराचं मात्र तसं नाही.

आधी सभा. 20 फेब्रुवारी 1939 रोजी ‘जर्मन अमेरिकन बुंड’ या नाझीसमर्थक संघटनेने ती न्यूयॉर्कमध्ये भरवली, आणि साधारण 20,000 लोक आले. न्यूयॉर्कची लोकसंख्या तेव्हा 70 लाखांवर होती. फोटोत न दिसणारी गर्दी बाहेर रस्त्यावर होती, बुंडच्या निषेधाला आलेली. तिचे अंदाज दहा हजारांपासून लाखापर्यंत जातात. ती सभागृहात घुसू नये म्हणून सतराशेच्या आसपास पोलीस तैनात करावे लागले. आत बुंडचा पुढारी फ्रिट्झ कून बोलत असताना इसाडोर ग्रीनबॉम नावाचा ब्रुकलिनचा 26 वर्षांचा प्लंबरचा मदतनीस थेट व्यासपीठावर चढला. गणवेशातल्या स्वयंसेवकांनी त्याला खाली पाडून तुडवलं, पोलिसांनी ओढून बाहेर काढलं तोवर त्याची पँटही उतरली होती. दंड कुणाला? त्यालाच, 25 डॉलर. कूनची गत त्याच वर्षी डिसेंबरात लागली: संघटनेचेच पैसे खाल्ल्याबद्दल तुरुंग.

‘लाखो सभासद’ हा बुंडचा स्वतःचा दावा. फुगवलेले आकडे सांगणं हाच अशा संघटनांचा मुख्य धंदा असतो, आणि ऐंशी वर्षांनी आपण तेच आकडे फॉरवर्ड करतो! वर्गणी भरणारे सभासद साधारण 25,000 धरले जातात. काही अंदाज त्याहूनही कमी आहेत. त्यातही भरणा पहिल्या महायुद्धानंतर आलेल्या जर्मनांचा. पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेत राहिलेल्या जर्मन घराण्यांनी बुंडला जवळ केलं नाही. खुद्द बर्लिनला या मंडळींची अडचण वाटू लागली होती, म्हणून 1938 मध्ये जर्मन नागरिकांना बुंडमध्ये राहायला मनाई झाली. विल्यम डडली पेलीचे ‘सिल्व्हर शर्ट’वाले, म्हणजे दुसरी एक अमेरिकन फॅसिस्ट संघटना, भरात असताना पंधरा हजारांच्या घरात होते. पेली 1936 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा फक्त वॉशिंग्टन राज्यात त्याचं नाव मतपत्रिकेवर आलं, आणि मतं दोन हजारसुद्धा पडली नाहीत.

पाद्री म्हणजे डेट्रॉइटजवळचे फादर चार्ल्स कॉफलिन. तीन कोटी हा अंदाज त्यांच्या ऐन बहराच्या काळातला, आणि तेव्हा ते बँकवाल्यांना झोडपत होते, ‘रूझवेल्ट नाहीतर सर्वनाश’ अशी घोषणा देत होते. महामंदीत नोकरी गेलेला माणूस रविवारी दुपारी ते ऐकत होता, त्यात नवल काय? पुढे ते रूझवेल्टवर उलटले. 1936 च्या निवडणुकीत आपल्या युनियन पक्षाला 90 लाख मतं मिळवून देईन, नाहीतर रेडिओ सोडेन, अशी फुशारकी त्यांनी मारली. मिळाली जेमतेम नऊ लाख, म्हणजे दोन टक्के. रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं घेतली. कॉफलिन उघड ज्यूद्वेषावर उतरले ते 1938 मध्ये. तेव्हाही त्यांचा श्रोता बराच मोठा होता, हे खरं. पण ऐकणं आणि मत देणं यातला फरक 1936 नेच दाखवून दिला होता.

राहिले ते आठ लाख, म्हणजे अमेरिकेने युरोपातल्या युद्धात पडू नये असं म्हणणारी ‘अमेरिका फर्स्ट कमिटी’. ती येलच्या विद्यार्थ्यांपासून सुरू झाली. समाजवादी नेते नॉर्मन थॉमसही तिच्या सभांत बोलले. पहिल्या महायुद्धात लाखाहून जास्त अमेरिकन मेले होते, हे लोक विसरले नव्हते. संघटनेत ज्यूद्वेष्टे होतेच, आणि सप्टेंबर 1941 मध्ये तिचा प्रमुख वक्ता, प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्गने ज्यू लोक देशाला युद्धात ढकलताहेत असं जाहीरपणे म्हटलं. त्यावर दोन्ही पक्षांतून, वर्तमानपत्रांतून त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. पर्ल हार्बरची वाट न बघता अमेरिकेने 1940 मध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू केली होती, 1941 च्या मार्चमध्ये ब्रिटनला शस्त्रं पुरवायचा कायदा केला होता. नाझी व्हायला निघालेला देश हे करत नाही.

म्हणजे मूठभर माथेफिरूंचाच मामला होता, असं म्हणणारेही आहेत. तेही मला पटत नाही. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची घरं, दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली. त्यानंतरच्या गॅलपच्या जनमत चाचणीत 94 टक्के अमेरिकनांनी नाझींच्या वागण्याचा निषेध केला. त्याच सुमारास, जर्मनीतल्या जास्त ज्यूंना देशात घ्यायचं का, याला 70 टक्क्यांहून अधिकांनी नाही म्हटलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तर निम्म्याहून जास्त लोकांना युरोपातल्या ज्यूंच्या छळात त्यांचीही काही चूक आहे असं वाटत होतं. यातल्या बहुतेकांनी गणवेशातला नाझी दारात उभा केला नसता. देशात घ्यायचं कुणाला, हे वंश बघून ठरवणारा 1924 चा कायदा बुंड जन्मायच्या आधीचा होता. त्याच काळातल्या कायद्यांनी भारतीयांनाही दार बंद होतं. दक्षिणेतल्या काळ्या माणसांना मतदानापासून दूर ठेवायला कुणा कूनची गरज पडली नव्हती.

1939 मध्ये वॅग्नर-रॉजर्स विधेयक आलं: जर्मनीतली 20,000 मुलं दोन वर्षांत, ठरलेल्या कोट्याबाहेर घ्यायची. विरोधात उभ्या होत्या अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना आणि देशभक्तीच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठित संस्था. विधेयक समितीतच अडकलं, मतदानापर्यंत पोचलंच नाही.