परातीतलं मणिपूर

आमची नात यंदा दहावीला गेली. नेमकं सांगायचं तर दोनदा गेली. इंदूरच्या सीबीएसई शाळांत नवं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होतं, तीन-चार आठवडे चालतं, मग उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि जूनच्या मध्यावर तेच वर्ष पुन्हा नव्यानं सुरू होतं. गुढीपाडवासुद्धा बिचारा एकदाच येतो. एप्रिलची सुरुवात कोणी मनावर घेत नाही. खरी तयारी जूनची, आणि ती यंदा माझ्या गळ्यात पडली, कारण मुलगा-सून दोघंही नोकरीवर, हिचे गुडघे, आणि मी निवृत्त. आमच्या घरात निवृत्त म्हणजे रिकामा.

"बाबा, दहावी आहे तिची. तुम्ही फक्त लक्ष ठेवा," सूनबाई म्हणाली.

'फक्त लक्ष ठेवा' हे वाक्य मी नोकरीत बत्तीस वर्षं ऐकलंय. त्याचा अर्थ 'तुम्हीच करा, आम्ही सही करू' असा होतो.

सुरुवात पुस्तकांपासून केली. आम्ही रामबागेत राहतो, तेव्हा राजवाड्यामागच्या खजुरी बाजारात पायी जाता येतं. माझी सगळी शाळा या बाजारातल्या जुन्या पुस्तकांवर झाली. दहावीत माझ्या वाट्याला भूमितीचं जे पुस्तक आलं, त्याच्या आधीच्या मालकानं जवळजवळ प्रत्येक प्रमेयाखाली पेन्सिलीनं 'हे येणार' असं लिहून ठेवलं होतं. त्या अनोळखी माणसावर विसंबून मी परीक्षेला बसलो. मार्क विचारू नका.

आता जुनी पुस्तकं चालत नाहीत. यादी मोबाइलवर येते. राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. आमची यादी त्याच्याही वर दोन मजले, नऊ पानांची. दुकानदारानं ती बोटानं भराभर वर सरकवली आणि म्हणाला, "अंकल, पूरा सेट लगेगा. खुल्ला नहीं मिलेगा."

"भिया, अपने को सिर्फ साइंस और मैथ्स चाहिए. बाकी है."

"वो दोनों ही नहीं हैं. पंद्रह दिन बाद आना."

म्हणजे जे हवं ते नाही आणि जे आहे ते सगळंच घ्यायचं. पिशवी उचलून घरी आलो तर नात कोचावर आडवी पडल्या पडल्या म्हणाली, "आबा, एनसीईआरटीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट असतात. मी कधीच डाउनलोड करून ठेवलीत."

मी पाणी प्यायलो.

मग कव्हरं. या एका विषयात मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. खाकी कागद जमिनीवर अंथरायचा, पुस्तक मधोमध ठेवायचं, चारही बाजूंना दोन-दोन बोटं जागा सोडून कागद कापायचा. पुस्तकाच्या पाठीशी वर आणि खाली दोन-दोन तिरके छेद द्यायचे आणि मधे जी जीभ सुटते ती आत दुमडायची. ज्याला जीभ जमली त्याला कव्हर जमलं. बाकीचे लोक तिथे कागद चुरगळून आत कोंबतात आणि वरून स्टेपलर मारतात; अशा पुस्तकाची पाठ ऑगस्टपर्यंत फाटलीच म्हणून समजा. कोपरे मी आधी अंगठ्याच्या नखानं दाबतो, मग त्यावरून वाटीचा बूड फिरवतो. स्टेपलर मीही मारतो, पण आतून आणि आडवा. अकरा पुस्तकं आणि चौदा वह्या, तीन दुपारी लागल्या. माझी कंबर धरली, पण गठ्ठा असा दिसत होता की पाहुण्यांना दाखवावा. दाखवलाही.

"आबा, जिल्दीचं एवढं काय मनावर घेऊन राहिलात?" नातीनं विचारलं. ती त्या तीन दुपारी माझ्यासमोरच बसून होती. लेबलावर नाव घालण्याचं काम तिच्याकडे दिलं होतं. नाव तिला लिहिता येतं, हे पाहून समाधान वाटलं.

त्याच सुमाराला रद्दीवाला आला, म्हणून मी त्याच्या काट्याला नातीचं नवं दप्तर अडकवून पाहिलं. 2020 च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर जाता कामा नये. दप्तर भरलं आठ किलो. नात आहे चव्वेचाळीस किलोची. म्हणजे एक तर दप्तर निम्म्यावर आणायचं, नाही तर नातीला ऐंशी किलोवर न्यायचं. हिनं दुसरा मार्ग धरला आणि पोळीवरचं तूप वाढवलं.

फॉर्मांबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. आधार बारा आकडी, विद्यार्थ्यांचा अपार आयडी बारा आकडी, मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी कुटुंबाचा आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी. मी जिथे तिथे नेमका चुकीचा टाकत होतो. एक फॉर्म तर असा भरला गेला की त्यात माझ्या नातीच्या जागी आमचं अख्खं कुटुंब दहावीला बसलं होतं. जे खरंच होतं म्हणा.

गणित 'स्टँडर्ड' की 'बेसिक' यावर मात्र घरात सभा भरली. सीबीएसईत दहावीला अभ्यासक्रम एकच, पण पेपर दोन प्रकारचे: एक जरा अवघड, एक जरा सोपा. हिनं 'बेसिक' शब्द ऐकला आणि ताठ बसली. "आपल्या घराण्यात कुणी साधं गणित घेतलेलं नाही." आपल्या घराण्यातल्या मला गणितात किती होते हे तिला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळलंय, पण ती ते चारचौघांत काढत नाही. संसार यालाच म्हणतात. स्टँडर्ड ठरलं. नात म्हणाली, "आबा, तुम्ही उगाच घाबरता. आता बोर्ड दोनदा असतं. फेब्रुवारीत द्यायची, मार्क नाही आवडले तर मेमध्ये परत." तिला वाटलं मला धीर येईल. मी मनात हिशेब केला: घरात ताप एकदा फेब्रुवारीत, एकदा मेमध्ये.

इंदूरमध्ये पहिल्या नंबराचं जरा जास्तच झालंय. 2017 ते 2023 सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर आल्यापासून इथल्या आई-बापांना पहिल्याच्या खाली काही असतं हेच आठवेनासं झालंय.

झोपेचं प्रकरण सर्वांत नाजूक. सुट्टीत नात रात्री दोनला झोपायची आणि सकाळी अकराला उठायची. बस यायची सहा पस्तीसला. रोज पंधरा-पंधरा मिनिटं मागे सरकायचं, असा तक्ता मी करून फ्रिजवर लावला. नातीनं तो वाचला आणि मोबाइल पुढे केला. "आबा, टीनएजमध्ये मेलाटोनिनच उशिरा तयार होतं. आम्हाला लवकर झोप येतच नाही. 2014 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं सांगितलंय, हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नये."

"मग अमेरिकेतल्या बसनं जा."

पण मुद्दा बरोबर होता आणि बरोबर मुद्द्यापुढे माझं कधीच चाललेलं नाही. म्हणून युक्ती केली. आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी येते गाणं वाजवत. तिची वेळ साधून मी नातीच्या दाराशी ओरडलो, "गाडी आली!" ती ताडकन उठली, एक मोजा घातला, दुसरा शोधत बाहेर आली आणि बघते तर मी हातात ओल्या कचऱ्याची बादली घेऊन उभा. पहिल्या दिवशी जमलं. दुसऱ्या दिवशी मी "गाडी आली!" म्हणालो तेव्हा पांघरुणातून आवाज आला, "ओला की सुका?"

आणि शाळा उघडायला पाच दिवस उरले असताना तिनं सहज सांगितलं, "आबा, एक प्रोजेक्ट राहिलाय."

केंद्राच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत'मध्ये राज्याराज्यांच्या जोड्या लावल्यात आणि मध्य प्रदेशाची जोडी मणिपूर-नागालँडशी आहे. शाळेतल्या कलेच्या प्रोजेक्टला हीच जोडी लागते. त्यामुळे इंदूरच्या पोरांना नर्मदेच्या उपनद्या विचारा, गप्प बसतील. पण नागालँडचा हॉर्नबिल झोपेत काढतील. आमच्या वाट्याला मणिपूरचं लोकटक तळं आलं. ईशान्य भारतातलं गोड्या पाण्याचं सर्वांत मोठं तळं, आणि त्यावर तरंगणारी जमीन. गवत, मुळं, माती कुजून एकत्र होते आणि तिची बेटंच्या बेटं पाण्यावर तरंगतात. तिला फुमदी म्हणतात. अशाच फुमदीवर कैबुल लामजाओ नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात सांगाई हरणं हिंडतात.

वाचता वाचता मी गुंतत गेलो, हे कबूल करतो.

तळ्यासाठी हिची पुरणाची पितळी परात घेतली. विचारून घेतली असं म्हणता येणार नाही. फुमदीसाठी आधी भांडी घासायचा स्पंज वापरला, एका अंगानं पिवळा, दुसऱ्या अंगानं हिरवीगार घासणी; देवानं फुमदीसाठीच घडवल्यासारखा. तो रात्रभरात पाणी पिऊन तळाशी गेला. थर्माकोल काढला तर नात किंचाळली, "आबा, शाळेत बॅन आहे!" शेवटी काथ्या. देवघरातले, शेजारचे, वरच्या मजल्यावरचे, सगळे नारळ सोलले. तीन दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ नारळाची चटणी खाल्ली. काथ्याला वरून माती आणि हळिवाचं बी लावलं. खरी फुमदी साधारण एक भाग पाण्यावर आणि चार भाग पाण्याखाली असते. मी पट्टी घेऊन मोजलं, आमची हुबेहूब तशी तरंगत होती. हळीव उगवलं तेव्हा मी हिला उठवून दाखवलं. पहाटेचे पाच वाजले होते. ती काय म्हणाली ते इथे देत नाही.

हरणं गौरीच्या आराशीच्या डब्यातून काढली. पण सांगाईची शिंगं वेगळी. कपाळावरून पुढे येणारा फाटा आणि मागे जाणारी काडी मिळून एकच कमान होते. आराशीतल्या हरणांना नुसती टोचकी शिंगं. ती मी नेलकटरनं उडवली आणि जुनी फ्यूज वायर वाकवून नवी बसवली. चष्म्यावर चष्मा लावून तीन हरणांची सहा शिंगं. नोकरीत बत्तीस वर्षं वायरी वाकवल्या, पण कमान अशी कधी आली नव्हती.

नातीनं माहितीचा कागद वीस मिनिटांत लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 1983 साली इथाईचा बंधारा झाल्यापासून तळ्याचं पाणी उतरत नाही, म्हणून फुमदी उन्हाळ्यात तळाला टेकत नाही, मुळांना अन्न मिळत नाही आणि ती पातळ होत चाललीये. मी एवढं वाचूनही मला हे सापडलं नव्हतं. मी काही बोललो नाही, पण त्या दिवशी रात्री तिच्या खोलीतला दिवा दोनपर्यंत चालू होता तरी तक्त्याकडे बोट दाखवलं नाही.

शाळा उघडायच्या आदल्या रात्री दहाला निरोप आला: उन्हामुळे शाळा चार दिवस पुढे. तळं गॅलरीत गेलं.

तिसऱ्या दिवशी डासांच्या अळ्या तपासणाऱ्या बाई आल्या. कूलर पाहिला, कुंड्या पाहिल्या आणि परातीपाशी थांबल्या.

"ये क्या है?"

"मैडम, ये मणिपुर है."

त्यांनी टॉर्च मारला. हरणांच्या पायांशी काही तरी वळवळत होतं. "मणिपुर हो या मंदसौर, लार्वा है. पानी फेंकना पड़ेगा." आणि माझ्या डोळ्यांदेखत लोकटक तळं मोरीत गेलं. हळीव जाळीवर अडकलं. एका सांगाईचं शिंग अजून सापडलेलं नाही.

संध्याकाळी मी नातीला धीर करून सांगितलं. ती हसली. "आबा, टेन्शन नका घेऊ. फोटोच अपलोड करायचा होता. मी पहिल्याच दिवशी काढून ठेवलाय."

"मग सांगायचं नाही का आधी?"

"तुम्ही इतके रमून राहिला होतात..."

शाळेच्या दिवशी मला जाग आली ती कचरागाडीच्या गाण्यानं. नातीची खोली रिकामी. ती पाचलाच उठून, डबा भरून, सहा पस्तीसची बस पकडून गेली होती. ही ओट्याशी चिंच लावून परात घासत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

नात दुपारी आली, पोह्यांवर शेव आणि जीरावण घालून घेतलं, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आबा, मॅडम म्हणाल्या खाकी नको. यंदा सगळ्यांना ट्रान्सपरंट कव्हर. उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवीस खाकी कव्हरांचा गठ्ठा घेऊन मी खाली गाडीपाशी उभा होतो. पोरानं नेहमीसारखं विचारलं.

"सूखा," मी म्हणालो.