सही केली होती ना त्यांनी?

रेसच्या फॉर्मवर काकांनी केलेल्या सहीबद्दल काकूंनी परवा पुन्हा तेच विचारलं. "त्यांनी सही केली होती ना गं? मग आता आपण कुठल्या तोंडाने बोलायचं?"

गेल्या वर्षी जानेवारीत, रविवारी पहाटे, खारघरला सायकल रेस होती. नेरूळच्या आमच्या ग्रुपमधून सहा जण गेलो होतो. काका सगळ्यांत मोठे, अठ्ठावन्न वर्षांचे. पाम बीच रोडवर रोज सकाळी आमच्या पुढे असायचे. त्यांची रेस संपली आणि ते त्याच रस्त्याने हळूहळू उलट परत निघाले. पार्किंग दुसऱ्या टोकाला होतं आणि आयोजकांच्याच माणसाने "इकडूनच जा" म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तरुण मुलांचा गट शेवटच्या फेरीत होता. वळणावर एक वीस वर्षांचा मुलगा मान खाली घालून, जीव खाऊन पेडल मारत आला. समोरासमोर धडक. काका गेले. वळणावर झेंडा घेऊन कुणी उभं नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्स एकच, तीही पार सुरुवातीच्या कमानीजवळ. मी काकांच्या मागे शंभर-दीडशे मीटरवर होते. हेल्मेटचे दोन तुकडे मीच उचलले.

गुन्हा दाखल झाला फक्त त्या मुलावर. भारतीय न्याय संहिता, कलम १०६, निष्काळजीपणामुळे मृत्यू. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं होती, आता पाच. आयोजकांनी पोलिसांपुढे नोंदणीचा फॉर्म ठेवला. धोक्याची मला कल्पना आहे, इजा किंवा मृत्यू झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत, असा मजकूर आणि खाली काकांची सही. काकूंच्या मनात ती सही तेव्हापासून घर करून बसली आहे. आपल्या माणसाने स्वतःच्या हाताने सगळ्यांना मोकळं करून टाकलं, असं त्यांना वाटतं.

मी वकील नाही, बँकेत नोकरी करते. पण गेलं वर्षभर हे सगळं वाचत बसले आहे, आणि काकूंना जे सांगितलं तेच इथे लिहिते.

खेळातल्या संमतीबद्दल आपल्या कायद्यात फार जुना विचार आहे. १८६० च्या दंड संहितेत कलम ८७ होतं, ते आता न्याय संहितेत कलम २५ आहे. त्यातलं उदाहरण मला तोंडपाठ झालंय. दोघे जण गंमत म्हणून तलवारबाजी खेळायचं ठरवतात. नियमाने खेळताना एकाला दुसऱ्याकडून इजा झाली तर तो गुन्हा नाही, कारण खेळायला उतरणं हीच त्या इजेला संमती. पण हे सगळं खेळ सचोटीने खेळला गेला तरच. संमती देणारा अठरा वर्षांपुढचा हवा. आणि आपल्या कृतीने मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता आहे हे करणाऱ्याला माहीत असेल, तर हे कलम त्याला वाचवत नाही. काकांनी पडण्याला, खरचटण्याला, फार तर हात मोडण्याला संमती दिली होती. एकाच रस्त्यावर दोन्ही बाजूंनी सायकली सोडण्याला त्यांनी कधी संमती दिली? शिवाय १०६ चा गुन्हा आपसात मिटवता येण्यासारखा नाही. फिर्याद सरकारची असते. मेलेल्या माणसाची सही सरकारला बांधत नाही.

मग आयोजक सुटतात कसे? इथे मुंबईतल्याच एका जुन्या खटल्याचा आधार घेतला जातो. रंग-वार्निशच्या कारखान्यात आग लागून सात कामगार गेले. कुर्बान हुसेन रंगवाला खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कारखान्याच्या व्यवस्थापकाला ३०४-अ खाली शिक्षा द्यायची, तर मृत्यू त्याच्या कृतीचा थेट परिणाम असला पाहिजे. आगीला थेट कारण ठरलं ते एका कामगाराने घाईने टर्पेंटाइन ओतणं. हा निकाल मला कायम टोचतो. या न्यायाने शेवटचा हात ज्याचा, तोच सापडतो. इथे शेवटचा हात त्या मुलाचा. रस्ता आखणारे, माणसं न नेमणारे, फी घेणारे सगळे त्या हाताच्या मागे.

२०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरला राष्ट्रीय मोटार रॅलीत कार आणि मोटारसायकलची धडक झाली, एकाच कुटुंबातले तिघे गेले. त्यांनी तर कुठल्याही फॉर्मवर सही केली नव्हती. तिथे चालकाबरोबर आयोजकांवरही गुन्हा नोंदवला गेला. म्हणजे पोलिसांनी मनावर घेतलं तर ते करता येतं. ठाण्यात हंडीला कुणी पडलं तर हंडी बांधली कुणी, हे पोरंसुद्धा विचारतात. आमच्या सायकलवाल्यांत मात्र आयोजक म्हणजे ओळखीचा दादा, त्याला कसं विचारायचं?

त्या मुलाबद्दलही लिहिते, ग्रुपमधल्या काहींना आवडणार नाही तरी. तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. वळणावर नजर वर हवी, हे आम्ही नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. अमेरिकेत व्हेल इथे १९९७ मध्ये एक तरुण बर्फाच्या उतारावरून ताबा सुटेल अशा वेगाने स्कीइंग करत आला, धडकेत एक जण गेला, आणि २००० मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. तो खेळाच्या मर्यादेबाहेर गेला होता. पण आमचा मुलगा रेसमध्ये, बरोबर दिशेने, बंद रस्त्यावर होता. समोरून कुणी येणार नाही असंच त्याला सांगितलं होतं. त्याची आई दोनदा काकूंकडे येऊन गेली. पाच वर्षांची टांगती तलवार एकट्या त्याच्या डोक्यावर ठेवून आपण घरी जायचं, हे मला पटत नाही.

आता महत्त्वाचं. सायकल मोटार वाहन नाही, म्हणून काकूंना भरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणात जाता येत नाही. त्यांना दिवाणी कोर्टात १८५५ च्या फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्टखाली दावा लावावा लागेल, आणि त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. फक्त दोन. फॉर्म्युला वनचा रेसर आयर्टन सेना १९९४ मध्ये इटलीत इमोलाच्या शर्यतीत अपघातात मरण पावला. त्याच्या गाडीच्या स्टीअरिंग कॉलमच्या सदोष बदलाची जबाबदारी विल्यम्स संघाच्या पॅट्रिक हेड यांच्यावर आहे, असं इटलीच्या कोर्टाने २००७ मध्ये म्हटलं, पण तोवर मुदत संपून गेली होती. काकूंच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही.

दावा आयोजकांवर लावायचा, असं काल रात्री ठरलं. काकू तयार झाल्या. येत्या जानेवारीत मुदत संपते. त्या सकाळी रेसमध्ये असलेल्या कुणाच्या हेल्मेटवर कॅमेरा होता का? त्या वळणाचा एखादा फोटो, कंट्रोल रूमचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, "इकडूनच जा" म्हणणारा तो माणूस दिसतो असं काहीही असेल, तर कृपया डिलीट करू नका. मला इनबॉक्स करा. साक्षीला उभं राहायला तयार असाल तर तेही सांगा, मी घरी येऊन भेटेन.