माहितीपटाला झालेल्या उशिराबद्दल आमचं उत्तर

नमस्कार,

आपला दोन स्टारचा अभिप्राय सकाळपासून चार वेळा वाचला. आपल्या वडिलांवर आणि त्यांच्या चार चित्रकार मित्रांवर केलेला माहितीपट ६ आठवडे उशिरा मिळाला, त्यांच्या प्रदर्शनाच्या दिवशी दाखवता आला नाही, हे खरं आहे. मनापासून माफी मागतो. पाचही जण एकत्र बसून पहिल्यांदा बघणार होते, तो दिवस आता परत येणार नाही.

पण ‘यांना दुसऱ्याच्या वेळेची किंमत नाही’ हे वाक्य जिव्हारी लागलं. आमचा दोघांचाच स्टुडिओ आहे, लोक अभिप्राय वाचूनच काम देतात. म्हणून सविस्तर लिहितो.

शूटिंग ठरल्याप्रमाणे ४ दिवसांत संपलं. ११ तासांच्या फुटेजमधून २२ मिनिटांचा कट तारखेच्या १८ दिवस आधी आपल्या हातात होता. आवडल्याचा आपला मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यानंतर आपण जुनी व्हीएचएस कॅसेट घेऊन आलात. पाचही जण तरुण, एकाच गच्चीवर ईझल लावून उभे. ‘हे घ्यायचंच’ म्हणालात आणि मलाही मोह झाला. तारीख पुढे जाईल हे तेव्हाच लेखी कळवायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

मात्र त्या टेपला बुरशी आली होती. अशी टेप तशीच प्लेअरमध्ये घातली तर टेप वाचणारं हेड चोंदतं आणि टेपही खराब होते. आधी ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागली, त्यातच ३ आठवडे गेले. शिवाय व्हीएचएस पेनड्राइव्हसारखी कॉपी होत नाही. ३ तासांची टेप उतरवायला ३ तासच लागतात, आणि पहिल्या वेळी चित्र हलत होतं म्हणून आम्ही ती दोनदा उतरवली. मध्ये दीड मिनिट नवीन घातलं की पुढचं संगीत, आवाज, सबटायटल सगळं सरकतं. त्यात आपल्या दुरुस्त्या तीन हप्त्यांत आल्या, शेवटचा १३ दिवसांनी. आपण प्रवासात होतात, तक्रार नाही. पण ते दिवसही आमच्याच खात्यावर मांडले गेले, याचं वाईट वाटतं.

‘नुसते हात दाखवलेत’ असंही आपण लिहिलंय. त्यातला एक हात पुन्हा बघा. आपले वडील शेजारच्या मित्राच्या पॅलेटवरून न विचारता निळा रंग उचलतात, आणि तो मित्र मान वर न करता पॅलेट त्यांच्याकडे सरकवतो. मुलाखतीत पाचांपैकी कुणालाही मैत्रीबद्दल धड बोलता आलं नव्हतं. त्या आठ सेकंदांसाठी आम्ही कॅमेरा लावून अख्खी दुपार गप्प बसून होतो.

काही चित्रांवर व्हार्निशची चकाकी राहिली आहे, ते बरोबर. तेवढे शॉट सुधारून देतो. वेळापत्रकाबाबतही यापुढे जास्त काळजी घेऊ, काही बदल सुरू केले आहेत.

आपली मूळ कॅसेट साफ करून, उभी ठेवून, कोरड्या कपाटात जपून ठेवली आहे. कधीही घेऊन जा. फोन केलात तर मीच आणून देईन.