लढवय्याच्या चड्डीवरचे नाव

अमेरिकेत शनिवारी रात्री होणाऱ्या यूएफसीच्या, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातल्या मिश्र युद्धकलेच्या, लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात, त्यामुळे रंकाळ्यावरच्या आमच्या कट्ट्याची रविवारची बैठक हल्ली चहाच्या ग्लासाला टेकवून उभ्या केलेल्या मोबाइलभोवती भरते. परवा एक लढवय्या जाळीशी दाबला गेला, कॅमेरा त्याच्या चड्डीवर स्थिरावला आणि तिथले ‘क्रिप्टो डॉट कॉम’ हे आभासी चलनाच्या कंपनीचे नाव वाचून आमच्यातल्या पैलवानाने विचारले, “या कंपनीचा मारामारीशी संबंध काय?” पैलवान म्हणजे तरुणपणी पाच वर्षे तालमीची माती अंगाला लावलेला आणि आता हार्डवेअरचे दुकान चालवणारा आमचा मित्र.

आमच्यातल्या सीएने, म्हणजे हिशेबतपासनीस मित्राने, लगेच आकडे मांडले. जुलै २०२१ मध्ये या कंपनीने यूएफसीशी दहा वर्षांचा, साडेसतरा कोटी डॉलरचा करार केला. वर्षाला चाळीसेक कार्यक्रम धरले, तर प्रत्येक कार्यक्रमामागे चार लाख डॉलरच्या आसपास रक्कम येते. त्या वर्षीच्या दरपत्रकानुसार, नव्याने आलेल्या लढवय्याला ठरलेला पोशाख घालून उतरण्याचे एका लढतीमागे चार हजार डॉलर मिळत होते.

“म्हणजे नाव त्याच्या अंगावर आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात,” पैलवान म्हणाला. “आमच्याकडे मैदानात इनाम कोणाच्या स्मरणार्थ आहे ते पुकारतात, पण ते पडते जिंकणाऱ्याच्या हातात.” त्यात मी भर घातली, की २०१५ च्या जुलैपासून यूएफसीत पोशाखाचा ठेका एका कंपनीकडे गेला आणि लढवय्यांना स्वतःचे प्रायोजक अंगावर घेऊन पिंजऱ्यात उतरण्याची मुभा राहिली नाही.

आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याला हे सारे रडगाणे वाटले. तो स्वतः क्रिप्टोत पैसे घालतो. “अरे, जिथे तरुण पोरे बसतात तिथे जाहिरात जाणारच. त्याच वर्षी त्यांनी हॉलीवूडच्या मॅट डेमनला घेऊन, नशीब शूरांना साथ देते अशी जाहिरात केली आणि लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटर या क्रीडागृहाला वीस वर्षांसाठी आपले नाव देण्याचा ७० कोटी डॉलरचा करार केला. कंपनीला ओळख हवी होती, ती मिळाली.”

माझे मत वेगळे पडले. जिचा माल हातात घेऊन पाहता येत नाही, तिला कोणाच्या तरी अंगाची साक्ष लागते. आणि फुटलेल्या भुवईने पाचव्या फेरीसाठी उठणारा माणूस पाहिला, की पैसे धोक्यात घालणे हीसुद्धा मर्दुमकीच आहे असे वाटू लागते. मुष्टियुद्धात हे आधीच घडले होते. मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरने सेंट्रा टेकसह तीन कंपन्यांच्या टोकनची, म्हणजे नव्या आभासी नाण्यांची, भलामण करताना तीन लाख डॉलर घेतल्याचे लपवले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाशी तडजोड करून त्याने तीन लाख परत केले आणि वर तीन लाखांचा दंड भरला. तरीही जून २०२१ मध्ये यूट्यूबवरच्या लोगन पॉलबरोबरच्या त्याच्या लढतीचे प्रक्षेपण इथेरियममॅक्स या आभासी नाण्यात विकत घेता येत होते.

सीएला मात्र क्रिप्टो डॉट कॉमची बोनसची योजना जास्त महत्त्वाची वाटत होती. एप्रिल २०२२ पासून प्रेक्षकांनी मते देऊन निवडलेल्या तीन लढवय्यांना तीस, वीस आणि दहा हजार डॉलरचे बिटकॉइन मिळू लागले. त्याच्या मते मत नोंदवण्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावर येणारा प्रेक्षक हीच खरी मिळकत होती. शिवाय तेव्हा चाळीस हजार डॉलरच्या वर असलेले बिटकॉइन जूनमध्ये वीस हजारांखाली आले. अंगावरची सूज उतरेपर्यंत निम्मे बक्षीस गेले.

“आणि ते राखून ठेवले असते तर?” धाकट्याने पकडले. “डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन एक लाखाच्या वर गेले.” हे खरेच होते, आणि क्षणभर सीए गप्प झाला. मग तो म्हणाला, “बिटकॉइन वाढले. चड्डीवर नाव ज्या कंपनीचे, तिचे स्वतःचे क्रोनोस टोकन मात्र २०२१ च्या नोव्हेंबरमधल्या शिखराच्या जवळपासही परतले नाही. जाहिरात कोणाची आणि उदाहरण कोणाचे देतोस?”

पैलवानाचे लक्ष मोबाइलकडेच होते. आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून अशा जाहिरातींवर, हा व्यवहार अनियंत्रित आणि अत्यंत जोखमीचा असू शकतो, अशी सूचना द्यावी लागते, असे मी सांगितल्यावर त्याने पडद्यावर बोट ठेवले. “या चड्डीवर ती कुठे लिहिणार?”

कोणीच बोलले नाही, तेव्हा त्याने धाकट्याला विचारले, “तू खाते कधी उघडलेस?”

“ऑक्टोबर २०२१,” धाकटा म्हणाला, आणि जरा थांबून, “टी-ट्वेंटी विश्वचषक चालू होता. प्रत्येक दोन षटकांनंतर क्रिप्टोचीच जाहिरात लागायची.”